गाणं गावोगाव, कवी निनावी

नागपुरात गीतांच्या पुस्तिका छापणं आणि पुढे कॅसेटी काढणं हा माझा व्यवसाय. भीमगीतं, बुद्धगीतं, खंजिरीवरची भजनं, खडी गंमतीतली गाणी, भुलाबाईची गाणी, असं सगळं गावाकडचं. ज्या कवींची नावं मासिकांत येत नाहीत आणि ज्या गायकांना मोठ्या सभागृहांचं बोलावणं येत नाही, त्यांचं गाणं लोकांच्या हाती देण्यात उमर गेली. मुंबईच्या रेकॉर्ड कंपन्यांवर पुस्तकं निघतात. गल्लीबोळातल्या छोट्या प्रकाशकांनी गाणं गावोगाव कसं नेलं आणि नेताना काय सांडलं, यावर फारसं कुणी लिहीत नाही. आता नवी पोरं मोबाइल घेऊन याच धंद्यात उतरताहेत आणि विचारायला येतात. त्यांना जे सांगतो, ते इथं मांडतो.

1. कंपनीची वाट पाहू नका

गावाकडच्या गाण्याचा पहिला प्रकाशक बहुतेक वेळा कवी स्वतःच असतो. नागपूर जिल्ह्यातल्या मोहप्याचे किसन फागुजी बनसोडे यांनी 1910 च्या सुमारास स्वतःचा छापखाना उभा केला. मुलींची शाळा, कविता, नाटक आणि 'निराश्रित हिंद नागरिक', 'विटाळ विध्वंसक', 'मजूर पत्रिका', 'चोखामेळा' ही पत्रं, एवढा पसारा एका माणसाचा. ज्याला विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, त्याची कविता दुसऱ्याच्या छापखान्यात कुणाच्या मर्जीवर छापली जाणार होती? म्हणून खिळेही आपले आणि यंत्रही आपलं. पुढे बाबासाहेबांशी त्यांचे मतभेद झाले, तो इतिहास वेगळा. पण विदर्भात दबलेल्या माणसाच्या शब्दाला छापील कागद मिळवून देणाऱ्यांत त्यांचं नाव सगळ्यात आधी घ्यायला हवं, आणि नागपूरकर ते पुरेसं घेत नाहीत याचं मला वाईट वाटतं.

दुसरं उदाहरण राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं. 1909 साली यावलीत जन्मलेला हा माणूस खंजिरी वाजवत गावोगाव भजनं म्हणत फिरला. मात्र भजन हवेत विरू नये याची व्यवस्थाही मोझरीच्या गुरुकुंजात झाली. तिथून मासिक निघालं, भजनांच्या पुस्तिका निघाल्या, ग्रामगीता निघाली. महाराज एका गावातून पुढच्या गावाला जात, पण पुस्तिका मागे राहत असे आणि सामुदायिक प्रार्थनेला गावचं भजन मंडळ तेच भजन धरत असे. 1968 मध्ये महाराज गेले. त्यांना कधी न पाहिलेली माणसं आज ती भजनं शब्द न चुकवता म्हणतात, त्यामागे त्या पुस्तिकांचा मोठा हात आहे.

2. पुस्तिकेला कमी लेखू नका

सोळा पानांचा एक फर्मा, न्यूजप्रिंटचा कागद, मधोमध दोन पिना. मुखपृष्ठावर एका किंवा दोन रंगांत बाबासाहेबांचा नाहीतर बुद्धाचा फोटो, खाली कवीचं नाव, मागच्या पानावर पुढे येणाऱ्या पुस्तिकांची जाहिरात. किंमत चहाच्या कपाएवढी. आत स्वरलेखन नसतंच. प्रत्येक गीताच्या डोक्यावर एक ओळ असते, 'चाल', आणि तिच्यापुढे एखाद्या गाजलेल्या सिनेगाण्याचा मुखडा. ज्याला अक्षरं जुळवता येतात आणि ज्याच्या कानावर रेडिओ पडला आहे, तो त्याच संध्याकाळी ते गीत म्हणू शकतो. आकाशवाणीचं नागपूर केंद्र जुलै 1948 मध्ये सुरू झालं आणि पुढे पानठेल्यापानठेल्यावर रेडिओ वाजू लागला. सिनेमाच्या चाली त्याने गावात पोचवल्या होत्या. आम्ही फक्त त्या चालींवर बसणारे नवे शब्द पोचवले.

आमचा बाजार म्हणजे दीक्षाभूमी. 14 ऑक्टोबर 1956 ला तिथं बाबासाहेबांनी आपल्या लाखो अनुयायांना धम्मदीक्षा दिली. तेव्हापासून दर दसऱ्याला माणसांचा सागर येतो. मराठवाडा, खानदेश, बालाघाट, छत्तीसगड, तेलंगणा, कुठून कुठून माणसं येतात. रात्र मैदानात काढतात आणि परतताना हातात पुस्तकांची पिशवी असते. पोटाला चिमटा काढून पुस्तक विकत घेणारी इतकी माणसं एका जागी मी दुसरीकडे कुठे पाहिली नाहीत. तिथं रांगेने लागलेल्या दुकानांत बाबासाहेबांचे ग्रंथ, बावीस प्रतिज्ञा, कॅलेंडर आणि गीतांच्या पुस्तिका शेजारी शेजारी मांडलेल्या असतात.

एकदा एक म्हातारी आजी नातीला घेऊन ठेल्यापुढे उभी राहिली. आजीला वाचता येत नव्हतं. नातीने पुस्तिका उघडून शाळेत धडा वाचतात तसं गीत वाचायला सुरुवात केली. आजीने तिच्या दंडाला हात लावला. म्हणाली, "वाचू नको वं, म्हनून दाखव." पोरगी लाजली, मग तिने चालीवर धृपद धरलं. आजीने डोळे मिटून दोन कडवी ऐकली, तिसरं तिने स्वतःच अंदाजाने जुळवलं, आणि पदराची गाठ सोडून पैसे दिले. गीताची पुस्तिका अशी विकत घेतली जाते. म्हणून माझ्या ठेल्यावर मी नेहमी गाता येणारा पोऱ्या बसवला. हिशेब येणारे पुष्कळ मिळतात.

3. आधी गाणारा शोधा, ऐकणारा मागून येतो

या धंद्यात नवखा माणूस ऐकणाऱ्यांच्या मागे धावतो. माझं म्हणणं, गाणाऱ्याच्या मागे जा. नागपूरचे नागोराव पाटणकर यांच्यासारखे कव्वाल जेव्हा गाजत होते, तेव्हा गावोगावच्या कव्वाली पार्ट्यांना रोज नवं गीत लागायचं. त्याचं कारण दुय्यम सामना. एका मंचावर दोन पार्ट्या, हा एक गीत टाकणार आणि तो त्याला जबाब देणार, रात्रभर. ज्याच्याकडे जबाब नाही तो बसला. पहाटेपर्यंत पुरेल एवढा साठा हवा, तोही समोरच्याने न ऐकलेला. मग पार्टीचा म्होरक्या नागपूरला आला की इंदोऱ्याला, सीताबर्डीला चक्कर मारून नव्या पुस्तिका उचलायचा. त्याच्या एका पुस्तिकेतून शेकडो कानांपर्यंत गाणं जायचं, आणि त्या शेकडोंतला एखादा दुसऱ्या दिवशी तीच पुस्तिका शोधत यायचा.

म्हणून कोणतं गीत कुणाच्या गळ्याला शोभेल याचा हिशेब प्रकाशकाच्या डोक्यात पक्का पाहिजे. पहाडी आवाजाच्या माणसाला आईवरचं मऊ गीत देऊन उपयोग नाही. माता रमाईवरचं गीत बाईच्या आवाजात गेलं की विहारातल्या सगळ्या बाया उचलून धरतात. हे ज्याला कळतं तो प्रकाशक, बाकीचे छापणारे.

अमेरिकेत ज्याला कंट्री म्युझिक म्हणतात, त्या त्यांच्या गावाकडच्या गाण्याचा इतिहास वाचताना मला आपलाच धंदा ओळखीचा वाटला. टेनेसीतल्या नॅशव्हिल शहरात 1942 मध्ये रॉय अकफ हा गायक आणि फ्रेड रोझ हा गीतकार यांनी मिळून अकफ-रोझ ही संगीत प्रकाशन संस्था काढली. त्यांच्याकडे 1946 मध्ये हँक विल्यम्स नावाचा एक तरुण आला. फ्रेड रोझने त्याच्या गीतांवर संपादकासारखा हात फिरवला. पुढे त्याचं एक गाणं 1951 मध्ये टोनी बेनेट या शहरी गायकाने गायलं आणि जी माणसं गावरान गाणं ऐकून नाक मुरडायची त्यांच्या घरात ते वाजू लागलं. त्याच्या आदल्या वर्षी अकफ-रोझचंच 'टेनेसी वॉल्ट्झ' पॅटी पेजच्या आवाजात देशभर गाजलं होतं. गीत एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात, एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत नेणं हे त्यांचं खरं काम होतं. ती संस्था काढणाऱ्या दोघांत एक गायक आणि एक गीतकार होता, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आपल्याकडे ही दुसरी पायरी अडली. नागपुरातल्या इंदोऱ्यासारख्या बौद्ध वस्तीतलं गीत धरमपेठेसारख्या उच्चभ्रू वस्तीत गेलं नाही. त्यात गाण्याचा दोष नव्हता. ऐकणाऱ्यांच्या मनातली जात आड आली, हे स्पष्ट लिहायला मला संकोच वाटत नाही. सुरेश भटांसारखा गझलेचा बादशहा भीमवंदना लिहितो आणि ती विहाराविहारांत म्हटली जाते, हे उलट दिशेचं येणं झालं. इकडून तिकडे जाणं अजून बाकी आहे.

4. उसन्या चालीवरचं गाणं वेशीपाशी थांबतं

मंचावर आणि विहारात सिनेमाच्या चालीवर गीत म्हणण्यात मला कधी वावगं वाटलं नाही. शाहिरी जलशांपासून लोकांच्या ओळखीच्या चालीतून नवा विचार देण्याची रीत आहे. 1930 च्या दशकात आंबेडकरी जलसे गावागावांत फिरले, तेही लोकांच्या कानातली ओळखीची चाल घेऊनच. अनोळखी विचार ओळखीच्या चालीत आला की दार उघडतं.

पण कॅसेटीचा जमाना आला आणि हिशेब बदलला. 1983 मध्ये टी-सीरिज सुरू झाली, टेपरेकॉर्डर स्वस्त झाले, आणि एक कॅसेट म्हणजे ए बाजू, बी बाजू मिळून आठ-दहा गीतं असा माल बसस्टँडवर विकला जाऊ लागला. ध्वनिमुद्रण करून विकायचं म्हटलं की चालीचा मालक कोण हा प्रश्न आला. शब्द आमच्या कवीचे आणि चाल कुठल्यातरी फिल्म कंपनीची, अशा गीतांवर मोठी कंपनी पैसे लावत नाही, आणि लावले तर कवीच्या हाती काही पडत नाही. मी स्वतः कॅसेट काढायला लागलो तेव्हा एकच अट ठेवली, चाल नवी हवी. कवी कुरकुरले. "लोकायले चाल ओळखू आली नाही तं गानं कोन म्हनीन?" त्यांची भीती खोटी नव्हती, पहिल्या कॅसेटी हळू खपल्या. पण ज्या गीतांना स्वतःची चाल मिळाली ती आज त्याच चालीनं ओळखली जातात, आणि उसन्या चालीची गीतं मूळ सिनेगाण्याबरोबरच जुनी झाली. माझ्या वस्तीतल्या पेटीमास्तराने बांधलेली एक साधी भूपाच्या अंगाची चाल आज लग्नात बँडवाले वाजवतात. तो मास्तर गेला. चाल त्याची आहे हे सांगणारा छापील कागद आहे, कारण कॅसेटच्या इनले कार्डावर मी 'संगीत' असं लिहून त्यापुढे त्याचं नाव घातलं होतं.

5. कवीचं नाव गाण्यातून उडू देऊ नका

सगळ्यात जास्त मला याच्याविषयी बोलायचं आहे.

आपल्या गीतांत शेवटच्या कडव्यात कवीचं नाव येतं. तुकोबा, चोखोबा यांच्यापासून वामनदादा कर्डकांपर्यंत ही रीत आहे. कायदा नव्हता, छापखाना नव्हता, तेव्हा तोंडातोंडी फिरणाऱ्या गाण्यावर कवीची सही होती ती हीच. वामनदादांसारखा, मोठेपणी अक्षरं शिकलेला, हजारो गीतं रचणारा आणि खांद्याला पिशवी अडकवून महाराष्ट्रभर फिरणारा कवी घरोघरी 'वामन' या नावाने ओळखला गेला, त्यात या शेवटच्या कडव्याचा वाटा मोठा आहे.

आणि नेमकं तेच कडवं सगळ्यात आधी कापलं जातं. कॅसेटीत वेळ पुरत नाही म्हणून कापतात. मंचावर शिट्ट्या वाजायला लागल्या म्हणून कापतात. कधी गायक त्या जागी स्वतःचंच नाव बसवतो. नावात मात्रा तेवढ्याच असल्या की ऐकणाऱ्याला कळतही नाही.

एका ध्वनिमुद्रणाच्या वेळी हे माझ्या डोळ्यांपुढे झालं. गायक नावाजलेला. कवी भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातला, धान लावणारा माणूस, आपलं गीत यंत्रात कसं जातं ते पाहायला मुद्दाम एसटीने आला होता आणि काचेच्या अलीकडे माझ्या शेजारी टोपी हातात धरून बसला होता. शेवटचं कडवं आलं आणि गायकाने सहज स्वतःचं नाव घातलं. कवी काही बोलला नाही. फक्त त्याचे ओठ हलत होते ते थांबले. मी टेप थांबवायला सांगितलं. गायक म्हणाला, "गानं चालनार माह्या नावावर, मंग माह्यं नाव आलं तं काय झालं?" मी म्हटलं, चालेल तुमच्या नावावर, पण जन्मलं आहे यांच्या घरी. शिफ्टचे पैसे वाढले, गायक रुसला, पण कडवं पुन्हा घेतलं आणि नाव बरोबर आलं. ते गीत पुढे बऱ्यापैकी चाललं. त्या कवीच्या गावात त्याला आजही त्या गीताने ओळखतात.

गायक मोठा होतो तो आवाजाने, आणि त्याला मान मिळालाच पाहिजे. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज नसता तर कितीतरी गीतं वहीतच राहिली असती. पण गायकाची बाजू घ्यायला लोक असतात, टाळ्या असतात. खेड्यात बसलेल्या कवीची बाजू घ्यायला प्रकाशकाखेरीज कुणी नसतं. प्रकाशकानेच ती सोडली तर त्या माणसाला वाली नाही.

6. 'सर्व हक्क प्रकाशकाचे स्वाधीन' ही ओळ म्हणजे करार नव्हे

जुन्या पुस्तिकांच्या दुसऱ्या पानावर ही ओळ हमखास छापलेली असे. छापणाऱ्याला वाटे की हक्क आपले झाले आणि कवीला वाटे की आपले गेले. कायद्याने दोन्ही समज चूक. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी कागद लागतो आणि त्यावर देणाऱ्याची सही लागते. कोणतं गीत, कोणता हक्क, किती काळ, कुठल्या मुलखात, पैसे किती, हे त्यात लिहायचं असतं. काळ लिहिला नसेल तर पाच वर्षं धरतात, मुलूख लिहिला नसेल तर भारतापुरता धरतात. 2012 मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून गीतकार आणि संगीतकाराने रॉयल्टीतला आपला बरोबरीचा वाटा कंपनीला लिहून द्यायचा म्हटलं तरी देता येत नाही. वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला मात्र देता येतो. आणि हक्क विकला तरी गीत माझं आहे, त्याला माझं नाव लावा, हे म्हणण्याचा अधिकार कवीकडे उरतोच.

आमच्या कवींना हे कुणी सांगितलं नाही. मुंबईच्या एका कंपनीचा माणूस येई, इंग्रजीत टाइप केलेल्या कागदावर सही घेई, हातावर एकरकमी पैसे ठेवी. घरात लग्न असे नाहीतर पेरणी तोंडावर आलेली असे, आणि कवी सही करून मोकळा होई. मी त्या कवींना दोष देत नाही. गरजेच्या वेळी समोर आलेली नोट कुणी परत करत नाही. दोष कागद न समजावणाऱ्याचा.

नव्या पोरांना मी एवढंच करायला सांगतो. करार मराठीत लिहा, एका पानाचा लिहा, कवीला आणि त्याच्या घरातल्या शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला वाचून दाखवा, एक प्रत कवीकडे द्या. गीताची नोंदणी सक्तीची नाही, पण करायची तर शब्दांसाठी सरकारी शुल्क 500 रुपये आहे. गीतकार आणि संगीतकारांसाठी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी 1969 पासून आहे. चित्रपटवाले तिचे सभासद होतात. विहारासाठी लिहिणाऱ्या कवीलाही तिचं दार बंद नाही, फक्त त्याच्या कानावर ते घालायला हवं.

7. साऊंड सर्व्हिसवाल्याला चहा पाजा

जाहिरात म्हणजे वर्तमानपत्रातली चौकट असं समजू नका. गावात गाणं पसरवतो तो साऊंड सर्व्हिसवाला, बँडवाला आणि आमच्या नागपूरची खासियत असलेली धुमाल ही वाजंत्र्यांची पार्टी. 14 एप्रिलच्या भीमजयंतीच्या मिरवणुकीत धुमालने एखादी चाल उचलली की दुसऱ्या दिवशी ती सगळ्या उत्तर नागपुरात वाजते. नवी कॅसेट निघाली की पहिल्या प्रती मी त्यांना देत असे, पैसे न घेता.

8. ज्याचा मालक नाही, त्याचे मालक होऊ नका

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत विदर्भात पोरी भुलाबाईची गाणी म्हणतात. ती कुणी रचली ते कुणालाच ठाऊक नाही. आज्यांनी पणज्यांकडून घेतली, बस्स. ती छापायला, गायला कुणाची परवानगी लागत नाही. मी छापली तेव्हा कवीच्या जागी 'पारंपरिक' लिहिलं आणि ज्या गावच्या बायांनी सांगितली त्या गावाचं नाव खाली घातलं.

आता मोबाइलवर वेगळंच चाललं आहे. एखादी कंपनी पारंपरिक गाणं आपल्या वाद्यमेळात ध्वनिमुद्रित करून चढवते. तिचा हक्क त्या ध्वनिमुद्रणापुरता. पण उद्या एखाद्या शाळेतल्या मुलींनी तेच गाणं म्हणून व्हिडिओ टाकला की त्यावर क्लेम येतो आणि मास्तर घाबरून तो काढून टाकतो. काढू नका. गाणं पारंपरिक आहे, आवाज आमच्या मुलींचा आहे, असं लिहून हरकत घ्या.

अमेरिकेतही हेच घडून गेलं. 1927 च्या उन्हाळ्यात राल्फ पीअर हा माणूस ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन ब्रिस्टल या गावी गेला आणि तिथं कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स यांची पहिली ध्वनिमुद्रणं झाली. पीअरचा डोळा गीतांच्या प्रकाशन हक्कांवर होता आणि दुसऱ्याच वर्षी त्याने प्रकाशन संस्था काढली. त्याच्यामुळे डोंगरातलं गाणं जगाला कळलं, हे श्रेय त्याचंच. नवी गीतं हवीत म्हणून त्या कुटुंबातला ए. पी. कार्टर खेडोपाडी हिंडला तेव्हा त्याच्यासोबत लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक होता. कार्टर शब्द टिपून घेई, रिडल चाली ध्यानात ठेवी. तबकडीवर नाव आलं ते कार्टरचं. रिडलचं नाव लोकांना फार उशिरा कळलं. नागपूर असो की टेनेसी, कागदावर नाव कुणाचं जातं ते ठरवणारा माणूस सावध असेल तर अर्धा अन्याय तिथंच टळतो.

9. काही गाणं छापून हाती लागत नाही

खडी गंमत हे त्याचं उदाहरण. नागपूर, भंडारा, गोंदियाच्या या खेळात सगळे उभ्यानेच असतात, ढोलकी आणि तुणतुणं असतं, आणि शाहीर समोरच्या गर्दीतल्या पाटलाला, सरपंचाला जागच्या जागी गाण्यात ओढतो. त्याची कॅसेट काढली की अर्धं निसटतं. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या दंडार या लोकनाट्याचंही तसंच. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीचा आणि तिथल्या लोककलांचा ध्यास घेतला, गडचिरोलीचे झाडीपट्टी कलावंत परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, याचा आनंद मोठा आहे. पण अशा कलांना प्रकाशकापेक्षा खेळाचं आमंत्रण देणारं गाव जास्त लागतं. तिथं आपण पैसे घेऊन मधे पडू नये. खेळ ठरवून द्यावा आणि बाजूला व्हावं.

10. माध्यम बदललं तरी तारीख आणि नाव लिहा

पुस्तिकेची जागा कॅसेटने घेतली, कॅसेटची सीडीने, मग पेन ड्राइव्ह आले. नागपुरातून लॉर्ड बुद्धा टीव्ही, आवाज इंडिया अशा वाहिन्या निघाल्या. नोव्हेंबर 2010 मध्ये लॉर्ड बुद्धा टीव्हीच्याच कार्यक्रमात, दीक्षाभूमीवर, विठ्ठल उमप व्यासपीठावर कोसळले आणि गेले. असा मोठा शाहीर आमच्या डोळ्यांसमोर गेला, तो दिवस इथला कुणी विसरत नाही. त्यानंतर मोबाइल फोनचा जमाना आला. कडूबाई खरात एकतारी घेऊन गातात आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंमुळे घराघरांत पोचतात, त्यांना कुठल्या कंपनीच्या दारात उभं राहावं लागलं नाही. हे चांगलंच झालं.

पण त्या व्हिडिओखाली बघा. गायकाचं नाव असतं, चॅनेलचं असतं, कॅमेरावाल्याचं असतं, 'लाइक करा' असतं. गीतकाराचं नाव पुष्कळदा नसतं. चहाच्या कपाएवढ्या किमतीच्या आमच्या पुस्तिकेवर ते मोठ्या अक्षरांत असायचं. तेवढं तरी आम्ही केलं होतं.

जुन्या पुस्तिकांवर एक गोष्ट मात्र बहुधा नसे, साल. त्यामुळे गीत आधी कुणी छापलं हा वाद आला की कुणाकडेच पुरावा निघत नाही. 1954 च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांत पाठवायची असते. सोळा पानी गीत पुस्तिकेला कुणी पुस्तक मानलं नाही, म्हणून त्यांतल्या फार थोड्या तिथं पोचल्या. ज्या उरल्या त्या लोकांच्या ट्रंकांत, विहाराच्या कपाटांत आणि रद्दीत आहेत.

तेव्हा वाचकांनो, घरात आजोबांची, आईची अशी एखादी पुस्तिका असेल तर रद्दीला देऊ नका. मुखपृष्ठ, कवीचं नाव आणि प्रकाशकाचा पत्ता यांचे फोटो काढून ठेवा, आणि मूळ प्रत जवळच्या विहाराच्या वाचनालयात किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात पावती घेऊन द्या. आणि कवींनो, तुमच्या वहीतल्या प्रत्येक गीताखाली आज तारीख घाला, सही करा आणि त्या पानाचा फोटो मुलाच्या फोनमध्ये ठेवा. गायक गीत मागायला येईल तेव्हा आनंदाने द्या, पण शेवटचं कडवं कापणार नाही असं त्याच्याकडून लिहून घ्या.